आमची वाटचाल: रायबाच्या नवरीचं काय झालं?

बरेच जण विचारतात की तुम्ही मूळचे लग्नपत्रिका आणि शाळेचे पेपर टाइप करणारे, मग किशोरांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या कधीपासून छापायला लागलात. म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकतो.

ठाण्याला नौपाड्यात आमचं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करून पानं लावून द्यायचं दुकान होतं. एक शटर, दोन कॉम्प्युटर, आणि लग्नसराईत उभं राहायला जागा नसायची. २०१३ ला एका शाळेच्या गॅदरिंगचं काम आलं, त्यात तानाजीचा पोवाडा टाइप करायचा होता. हातात मिळालं ते पान म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, अर्धी अक्षरं उडालेली, म्हणून पूर्ण पोवाडा शोधायला निघालो आणि तुळशीदास शाहिराचा पोवाडा पहिल्यांदा सलग वाचला. हे जुने पोवाडे आज आपल्या हातात आहेत ते अ‍ॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यामुळे, त्यांनी ते गोळा करून १८९१ साली छापले. अ‍ॅक्वर्थ म्हणजे तेच, ज्यांच्या नावाचं वडाळ्याला कुष्ठरोग्यांचं हॉस्पिटल आहे, मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते.

तो पोवाडा वाचून मी हललो. शाळेत आपण चार ओळी शिकतो, गड आला पण सिंह गेला, संपलं. आणि इथे जिजाऊ सोंगट्या खेळतायत, डाव जिंकून मुलाकडे गड मागतायत, उमरठ्याला तानाजीच्या घरी त्याच्या मुलाच्या, रायबाच्या लग्नाची गडबड चाललीय, ऐंशी वर्षांचे शेलारमामा कमरेला तलवार बांधून निघालेत, यशवंती घोरपड अर्ध्या कड्यावरून परत फिरते तर तानाजी तिला दम देतो की चढली नाहीस तर शिजवून भाकरीबरोबर खाईन. रात्री जेवताना हे सगळं घरी सांगितलं. मुलगी तेव्हा सातवीत होती, तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, बाबा, ज्या मुलीशी रायबाचं लग्न ठरलं होतं तिचं काय झालं?

या प्रश्नावर आमची संस्था उभी आहे. पोवाड्यात तिला कोणी विचारत नाही. लग्न पुढे ढकललं, मुलाचा बाप लढायला गेला, मग मेला, आणि ती हळद लागायची वाट बघत बसलेली मुलगी कुठेतरी आहेच ना!

आमच्याकडे पेपर टाइप करून घ्यायला येणाऱ्या एक इतिहासाच्या बाई होत्या, त्यांना मी हे बोललो आणि म्हटलं तुम्ही लिहा, मी छापतो. पैशाचं काही बोलणं नाही. त्यांनी दीड वर्ष घेतलं. पहिली गोष्ट त्यांनी मला समजावली की त्या काळी नवरी आठ-नऊ वर्षांची असणार, ती आजच्या कॉलेजातल्या मुलीसारखी विचार करू शकत नाही, तसं लिहिलं तर ते खोटं होईल. म्हणून कादंबरी सांगते ती नवरीची चौदा वर्षांची मावसबहीण, स्वतःचं लग्न होऊन पाच वर्षं झालेली, या लग्नासाठी माहेरी आलेली. मला हे फार आवडलं कारण चौदा वर्षांच्या वाचकाला चौदा वर्षांचीच पण पूर्ण वेगळं आयुष्य असलेली मुलगी भेटते.

पहिल्या ड्राफ्टमध्ये एके ठिकाणी 'पाच मिनिटांनी' असं होतं. बाईंनीच ते खोडलं, आणि त्यातून पुस्तकातला माझ्या मते सगळ्यात चांगला भाग आला. लग्नघरात घंगाळात पाणी, त्यावर तरंगणारी तांब्याची वाटी, वाटीच्या बुडाला बारीक भोक, पाणी आत येतं आणि वाटी बुडली की एक घटका झाली, म्हणजे आपली चोवीस मिनिटं. मुहूर्तासाठी आणलेली ती वाटी लग्न मोडल्यावरही (मोडलं नव्हतं खरं तर, थांबलं होतं) ती मुलगी रात्री गुपचूप पाण्यात सोडत राहते आणि मोजते, आता कड्याखाली पोचले असतील, आता चढत असतील. ४ फेब्रुवारी १६७० ची ती रात्र अख्खी अशी वाट्या बुडण्यात जाते, लढाई कुठेच दिसत नाही. मी प्रूफ तपासताना दोनदा थांबलो.

पुस्तकाच्या शेवटी आम्ही एक पान टाकलं, डावीकडे 'शाहीर सांगतो', उजवीकडे 'कागद सांगतो'. घोरपड डावीकडे, लढाईची तारीख उजवीकडे. सिंहगड हे नाव तानाजीच्या आधीपासूनच्या कागदांत आहे हेही उजवीकडे. काही पालकांनी नाराजीने फोन केले की मुलांच्या मनातला तानाजी कशाला कमी करताय. मी त्यांना तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगतो, कमी काहीच होत नाही, गोष्ट कोणी रचली आणि का रचली हे कळलं की मुलं शाहिरावर जास्त प्रेम करतात.

आता धंद्याचं. हजार प्रती काढल्या, पैसे बायकोच्या एफडीचे. बाइंडिंगला गोंधळ झाला, शंभरेक प्रतींत पाचवा फॉर्म (म्हणजे एकत्र शिवलेली सोळा पानं) दोनदा आणि सहावा गायब. कळलं कधी, तर कळव्याच्या एका मुलीचा फोन आला, काका, सोळा पानं परत तीच आहेत आणि मधलं नाहीच, मला आत्ता सांगा पुढे काय होतं. मी फोनवर तिला सोळा पानं वाचून दाखवली. त्या सगळ्या प्रती बदलून दिल्या, खर्च आमच्या अंगावर, आणि तेव्हापासून प्रेसमधून आलेली प्रत्येक पेटी आम्ही घरी जमिनीवर बसून उघडतो आणि फॉर्म मोजतो. विक्रेत्यांचं कमिशन, सहा-सहा महिन्यांची उधारी, हे सगळ्याच प्रकाशकांचं आहे, त्यावर वेगळं काय लिहू. शाळांमध्ये जाऊन मुलांसमोर वाचणं सुरू केलं तेव्हा पुस्तकं हलायला लागली. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तर रोज रात्री एक प्रकरण व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ करून पाठवायचो.

दुसरं पुस्तक श्रावणातल्या शुक्रवारच्या कहाणीचं. भावाच्या घरी गरीब म्हणून पंगतीतून उठवलेली बहीण, आणि दिवस पालटल्यावर ती त्याच भावाकडे जेवायला बसताना अंगावरचे दागिने पाटावर ठेवून त्या दागिन्यांनाच घास भरवते. आटपाट नगर कुठलं धरायचं यावर आम्ही खूप भांडलो, शेवटी आटपाट नगर म्हणजे ठाणंच! १७३७ चं ठाणं, साष्टी बेटावर पोर्तुगीजांचं राज्य, किल्ल्याचं बांधकाम अर्धवट, बहिणीचा नवरा त्याच बांधकामावर पाथरवट, मार्चमध्ये मराठे येतात आणि ज्याच्याकडे मजुरी थकली तो मालकच राहत नाही. गोष्ट १७३९ ला वसई पडते तिथपर्यंत जाते. तो किल्ला म्हणजे आजचं सेंट्रल जेल. आमची मुलं रोज बसमधून ती भिंत बघतात, पुस्तक वाचलेली पोरं आता तिथे दगड कोणी घडवला असेल ते बोलतात, हे मला एका आईने सांगितलं.

सध्या हिरकणीचं चालू आहे. ओव्या, गाणी, गडावरचा बुरूज, डावीकडचा रकाना गच्च भरलाय, पण उजवीकडे लिहावा असा त्या काळातला एकही कागद नाही. मी म्हटलं यावेळी ते पान काढून टाकू. बाई म्हणाल्या, अजिबात नाही, उजवा रकाना कोरा छापा, मुलांना बघू दे. परवा प्रूफ प्रेसला गेलं. तिथल्या मुलाचा फोन आला, काका, शेवटच्या पानाचा मजकूर अर्धा राहिलाय का. त्याला सांगितलं, नाही, तसंच छाप.