रात्री ९.४० ची अटक, ७.१५ चा दवाखाना

गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०६ चा, म्हणजे नोकराने केलेली मालकाच्या मालाची चोरी. शिक्षा सात वर्षांपर्यंत. आरोपी ओडिशाहून आलेला गोदाम कामगार, आणि पोलिसांची मागणी सात दिवसांच्या पीसीआरची, म्हणजे पोलिस कोठडीची. विधी सेवा समितीतर्फे मी रिमांडला उभा होतो. कागद हातात आले ते पुकारा होण्याच्या जेमतेम दहा मिनिटं आधी.

एवढ्या वेळात जामिनाचे मुद्दे जुळवत बसू नये. अटकेचे कागद आधी घड्याळाच्या क्रमाने लावावेत.

अटक फॉर्मवर वेळ होती रात्री ९.४०. वैद्यकीय तपासणीच्या कागदावर ७.१५. अटक होण्याच्या जवळपास अडीच तास आधीच माणूस पोलिसांबरोबर सरकारी दवाखान्यात होता. त्याच्या सांगण्यानुसार त्याला दुपारी साडेतीनलाच गोदामातून उचललं होतं, आणि कोर्टापुढे आणलं दुसऱ्या दिवशी पावणेपाचला. घटनेच्या अनुच्छेद २२(२) ने मॅजिस्ट्रेटपुढे हजर करायला दिलेले चोवीस तास प्रवासाचा वेळ वगळून मोजतात, तेही माणूस खरोखर ताब्यात आल्यापासून, फॉर्म भरल्यापासून नाही. पण साडेतीनला आधार फक्त त्याच्या शब्दाचा होता, आणि ७.१५ पासून मोजलं तर चोवीस तास भरत नव्हते. मुद्दा लेखी दिला, गोदामाचं गेट रजिस्टर आणि सीसीटीव्ही जपून ठेवण्याचा अर्ज जोडला, आणि युक्तिवादात त्याला दोनच वाक्यं दिली.

अटक फॉर्मवरचा साक्षीदार त्याच ठाण्याचा शिपाई. सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालाने (१९९६) तिथे नातेवाईक किंवा त्या भागातला प्रतिष्ठित माणूस सांगितला आहे. आता ते नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम ३६ मध्येच आहे. नातेवाइकाच्या रकान्यात ‘फोनद्वारे कळविले’ एवढंच, नंबर नाही. बसूचे अकरा निर्देश छापील फॉर्ममध्ये जिरले, आणि रकाना भरला की काम झालं असं ठाण्यात मानलं जाऊ लागलं.

खरी गाठ अटकेच्या कारणांच्या कागदात होती. त्यात मजकूर असा : ‘गुन्ह्यात सहभाग निष्पन्न झाल्याने व पुढील तपासासाठी अटक आवश्यक.’ हे वाक्य कुठल्याही आरोपीला चालेल. प्रबीर पुरकायस्थ निकालाने (मे २०२४) नेमका हाच फरक केला : तपासाची सर्वसाधारण गरज वेगळी, आणि या माणसाने काय केल्याचा आरोप आहे हे सांगणं वेगळं. वर कागद मराठीत, खाली ‘वाचून समजले’, आणि त्याखाली ओडिया लिपीत सही. त्या सहीने माझं निम्मं काम केलं.

सरकारी वकिलांनी ऑगस्ट २०२५ चा दर्शन निकाल काढला : लेखी कारणं नसली तरी आरोपीचं प्रत्यक्ष नुकसान दाखवल्याशिवाय अटक बेकायदा ठरत नाही. आक्षेप हलका नव्हता. उत्तर त्यानंतरच्या मिहिर शाह निकालात (६ नोव्हेंबर २०२५) होतं. गुन्हा कुठलाही असो, कारणं लेखी हवीत आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत हवीत. लगेच देता येत नसतील तर तेव्हा तोंडी सांगावीत, पण रिमांडला हजर करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडलाच पाहिजे. नाहीतर अटकही बेकायदा आणि पुढची कोठडीही. दोन निकाल एकमेकांच्या अंगावर येतात तेव्हा नुसती नावं सांगून भागत नाही. तारखा आणि परिच्छेद क्रमांक मार्क करूनच प्रत मॅजिस्ट्रेटकडे द्यावी.

मॅजिस्ट्रेटनी आरोपीला कागद वाचायला सांगितला. त्याला पहिला शब्दही लागला नाही. कोर्टात ओडिया येणारं कुणी नव्हतं, मग हिंदीत विचारलं, कशासाठी धरलं माहीत आहे का? ‘साहब ने बोला चलो.’

पीसीआर नाकारला. अटक बेकायदा ठरवून सोडण्याचा आदेश झाला. गुन्हा मात्र रद्द होत नाही, तपासही थांबत नाही, आणि हे आरोपीच्या घरच्यांना तिथल्या तिथे सांगावं लागतं, नाहीतर ते सुटलो म्हणून गावी निघून जातात. समजणाऱ्या भाषेत लेखी कारणं देऊन आणि आधी का दिली नाहीत याचा खुलासा करून पोलिसांना पुन्हा कोठडी मागता आली असती.

तसं त्यांनी केलं नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस दिली. अर्नेश कुमार निकालानुसार (२०१४) सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटक गरजेची नसेल तर अटकेऐवजी हीच नोटीस द्यायची असते. तिची प्रत आरोपीकडे, दुसरी माझ्या फाइलला; दिलेल्या तारखेला तो हजर राहिला नाही, तर त्याच कलमाखाली त्याला अटक करता येते.