अजिंठ्याचे केस, आजच्या डोक्यावर: सरावाची वही

कपाळावरच्या बटा आता जमायला लागल्यात. दुपारनंतरही टिकतात, थोड्याफार घामाला दाद देत नाहीत आणि मुख्य म्हणजे आत्ताच पार्लरमधून उठून आल्यासारख्या दिसत नाहीत. अंबाडा मात्र अजून मनासारखा बसत नाही. त्यामुळे या वेळची नोंद जरा लांबणार आहे. नव्याने वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगते: अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रांवरून आज ऑफिसला, नाटकाला, एखाद्या साखरपुड्याला करून जाता येतील अशा केशरचना बसवायच्या, एवढाच उद्योग. हुबेहूब नक्कल करायची नाही आणि डोक्यावर दागिन्यांचं दुकानही मांडायचं नाही.

पाचवं शतक मुद्दाम म्हणते. अजिंठ्यात दोन काळ शेजारी शेजारी नांदतात. ९ आणि १० क्रमांकाची चैत्यगृहं, म्हणजे स्तूप असलेली प्रार्थनेची लेणी, इसवी सनापूर्वीची. तिथल्या उरल्यासुरल्या चित्रांतली डोकी, फेटे, गाठी सगळंच निराळं. १, २, १६ आणि १७ ही लेणी वाकाटक राजघराण्याच्या वत्सगुल्म शाखेतल्या, म्हणजे वाशीमच्या, हरिषेण राजाच्या काळातली. १६ व्या लेण्यात त्याचा मंत्री वराहदेव याचा लेखच आहे. मी या चार लेण्यांच्या बाहेर जात नाही. काही जणी ‘अजिंठा लूक’ म्हणून नऊवारी, नथ आणि खोपा एकत्र घालतात. दिसतं छानच, पण पेशवाई आणि वाकाटक यांच्यात तेराशे वर्षं आहेत हो!

बघायचं कुठे? प्रत्यक्ष लेण्यांत जाऊन पाहणं सगळ्यात चांगलं, पण केसांचा अभ्यास तिथे सगळ्यात अवघड. आत उजेड मंद, फ्लॅशला बंदी आणि केस रंगवलेत काजळीच्या काळ्याने. काळ्यावर काळी रेघ. भरीला भर म्हणून १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून आणलेल्या तज्ज्ञांनी चित्रं वाचवण्यासाठी त्यांवर लाखेचा थर दिला, तो काळाबरोबर पिवळा आणि गडद होत गेला. त्यामुळे चेहरा स्पष्ट दिसतो, दागिना दिसतो, पण केसांची बट कुठून निघून कुठे गेली हे डोळे ताणूनही कळत नाही. इथे मला जुन्या नकलांनी हात दिला. जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या चित्रांच्या मोठ्या नकला केल्या. त्यातल्या बऱ्याच लंडनच्या आगीत जळाल्या. उरलेल्या तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत आणि त्यांची छायाचित्रं बघायला मिळतात. नकलाकाराने केस ‘नीट’ केले असतील ही शंका ठेवूनच बघायचं. पण बटांची दिशा तरी कळते.

दुसरी अडचण डोक्याच्या मागच्या बाजूची. चित्रांतल्या बायका बहुतेक तीन चतुर्थांश वळलेल्या, पाठमोऱ्या फार थोड्या. अंबाडा कानामागे झुकलेला दिसतो, पण तो कशाला अडकवलाय ते दिसत नाही. त्यासाठी मी शिल्पांकडे वळले. छत्रपती संभाजीनगरजवळच्या औरंगाबाद लेण्यांतलं ३ क्रमांकाचं लेणं या छंदातल्या प्रत्येकाने एकदा बघावंच. गाभाऱ्यात बुद्धापुढे गुडघे टेकून बसलेल्या भक्तांचा मोठा समूह आहे, जवळजवळ माणसाच्या मापाचा, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर काहीतरी वेगळं. काळ अजिंठ्याच्या शेवटाच्या आसपासचा किंवा जरासा नंतरचा. बाजूने, वाकून, थोडं मागूनही बघता येतं. बुद्धाकडे पाठ करून भक्तांच्या मानेमागे टॉर्च मारत बसलेल्या बाईकडे पर्यटक विचित्र नजरेने बघतात, तेवढं सोसायचं. (अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. ठरवताना ध्यानात ठेवा.)

आणि ज्या चित्राबद्दल सगळ्यांत जास्त विचारणा होते त्याबद्दल: १७ व्या लेण्यातली उडती अप्सरा. चित्र अप्रतिमच आहे. उडण्याच्या वेगाने गळ्यातले सर मागे सरकलेत, ते बघत राहावं. पण तिचं डोकं शिरोवेष्टनाने जवळपास झाकलेलं आहे, केस शिकायला तिचा उपयोग नाही. त्यापेक्षा त्याच लेण्यातली आरशात बघणारी राजस्त्री बघा, किंवा १ क्रमांकाच्या लेण्यात महाजनक जातकातली (जातक म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांची कथा) नर्तकी.

इतकं बघून माझं जे मत झालंय ते असं: अजिंठ्याची ओळख दागिन्यात नाही, वजन कुठे ठेवलंय त्यात आहे. कपाळाच्या कडेला बारीक, घट्ट, नेमकी वळणं. माथा चपटा, भांग स्वच्छ. मग मानेपाशी एकदम मोठा, सैल, एका अंगाला कललेला भार. बारीक आणि भरघोस, नेमकं आणि सैल, यांच्यातला हा फरक राखला की एकही मोती न लावता बघणारा ओळखतो. तो गेला, म्हणजे माथ्यावर फुगा काढला किंवा अंबाडा बरोबर मध्यावर बांधला, की कितीही मोती लावा, ते आजचं नवरीचं केशभूषा-पॅकेजच दिसतं.

आता बटांची कृती. स्वतःच्या कपाळावरचे केस कापायची गरज नाही, हे आधी सांगते, कारण माझी मावसबहीण मॉडेल म्हणून बसली तीच मुळी “ताई, कात्री आणलीस तर मी चालले” या अटीवर. बटांना लांबी दहा-बारा सेंटीमीटरच लागते. लांब केस गुंडाळले तर वेढे इतके होतात की बट कपाळाला चिकटून न बसता पुढे डोकावते. म्हणून जुन्या, खऱ्या केसांच्या गंगावनाचा तुकडा कापून बारीक काळ्या फितीवर शिवून घेतला. ही पट्टी आधीच वळवून, वाळवून ठेवता येते आणि भांगाच्या दोन्ही बाजूंना दोन टिकटिक क्लिपांनी बसते. वरून स्वतःचे पुढचे केस तिच्या कडेवरून मागे नेले की शिवण लपते. कृत्रिम तंतूचं गंगावन यासाठी घेऊ नका. त्याला पाण्याने वळण लागत नाही आणि गरम सळीने ते वितळतं.

वळण देण्याच्या दोन्ही पद्धती करून बघितल्या. गरम सळी घेतली तर नऊ-दहा मिलिमीटर जाडीचीच घ्या, त्याहून जाड सळीने येते ती लाट, बट नव्हे. तापमान दीडशेच्या आसपास पुरतं. सळीवरून काढलेली बट लगेच सोडायची नाही. वेटोळं तसंच तळव्यावर झेलून क्लिप लावायची आणि पूर्ण गार होऊ द्यायची, कारण आकार गार होतानाच पक्का होतो. घाईत हीच पायरी गाळली जाते आणि मग दोष बिचाऱ्या सळीला.

तरी माझं मत ओल्या पद्धतीलाच. केसांतले हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना ज्या आकारात केस असतील त्या आकारात पुन्हा जुळतात, सगळी करामत एवढीच. दमट केसांची सेंटीमीटरभर रुंद बट घ्यायची, जेल लावायचं, टोकापासून मुळाकडे पेन्सिलीएवढ्या पोकळीचं चपटं वेटोळं करायचं आणि दोन क्लिपा फुलीसारख्या लावायच्या. भांगाच्या उजवीकडची वेटोळी घड्याळाच्या दिशेने, डावीकडची उलट. ही दिशा माझी निवड आहे, पण दोन्ही बाजू एकमेकींचं प्रतिबिंब असल्या की चेहरा शांत दिसतो. जेल जवसाचं: पाव कप जवस, दोन कप पाणी, मंद आचेवर ढवळत राहायचं. चमच्यावरून तार पडायला लागली की गरम असतानाच पातळ कापडातून गाळायचं. गार झाल्यावर गाळू म्हटलंत तर कापडासकट फेकून द्यावं लागेल. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं. बाजारच्या जेलसारखा कडक पापुद्रा धरत नाही. वाळल्यावर बोटांनी हलकं चुरलं की बट मऊ होते.

पावसाळ्यात मात्र कोणतंच जेल हवेतल्या ओलाव्यापुढे टिकत नाही. जे बंध पाण्याने बसवले ते पाण्यानेच सुटणार. कुरळ्या केसांच्या मैत्रिणींना इथे निसर्गानेच पुढे ठेवलंय: त्यांनी पट्टी-बिट्टी काही करू नये, पुढचे केस थोडे ओले करून बोटाभोवती गुंडाळून सोडून द्यावेत. सरळ केसांवर तासभर खपून मी जे करते ते त्यांचं दहा मिनिटांत होतं, आणि जास्त खरं दिसतं.

अंबाड्याकडे येते. धम्मिल्ल, म्हणजे बांधून, गुंफून केलेला तो भरघोस केशभार, आजच्या डोक्यावर आणताना खरी लढाई गुरुत्वाकर्षणाशी असते. मध्यावरचा अंबाडा स्वतःचं वजन दोन्हीकडे वाटतो. कललेला अंबाडा सतत एकाच बाजूच्या केसांना ओढतो. पोनीटेल बांधून त्यावर गुंडाळलं तर संध्याकाळपर्यंत ते सगळं खांद्याकडे सरकतं आणि मुळं दुखायला लागतात ती वेगळीच. त्यामुळे आता पाया असा घालते: मानेपाशी, जिथे अंबाडा हवा त्या जागी, बारीक घट्ट वेणी घालून तिचं चपटं चक्र डोक्याला पिनांनी शिवल्यासारखं बसवायचं. बाकीचे केस आणि भराव या चक्राला अडकवायचे, टाळूच्या केसांना नाही. अडकवताना यू पिन आधी बाहेरच्या दिशेने तोंड करून अंबाड्याच्या कडेची बट पकडते, मग उलटी फिरवून आत चक्रात घुसवते. साधी बॉबी पिन वापरलीत तर नागमोडी बाजू डोक्याकडे. हे बऱ्याच जणी उलटं करतात आणि पिना गळतात म्हणून तक्रार करतात.

भरावाला स्पंजचं डोनट चालत नाही. ते इतकं गोल आणि सारखं असतं की अंबाडा लगेच हवाई सुंदरीचा होतो. जुनं गंगावन जाळीत भरून त्याचा थोडा लांबट, पपईसारखा आकार केला की कल आपोआप येतो. त्यावरून केसांचे जाडसर पेड सैल फिरवायचे, एखाद-दुसरा पेड मुद्दाम ढळू द्यायचा. न्हाल्यावर लगेच करायला बसू नका. ताज्या धुतलेल्या केसांत पीळ टिकत नाही, एक दिवस जाऊ द्या. फारच गुळगुळीत केस असतील तर मुळांजवळ आतल्या थरात क्रिम्पर, म्हणजे केसांना बारीक चुण्या पाडणारं गरम यंत्र, फिरवला की पकड येते आणि बाहेरून कळत नाही.

अजून न सुटलेलं कोडं आहे ते कल किती ठेवायचा याचं. चित्रात कानाच्या खाली, जवळपास खांद्यापर्यंत झुकलेला भार सुंदर दिसतो, कारण चित्रातली मान कायमची तशीच वळलेली आहे. खऱ्या बाईला लोकलमध्ये चढायचं असतं, हेल्मेट घालायचं असतं. सध्या कानाच्या पाळीच्या रेषेवर अंबाड्याचा मध्य ठेवते. समोरून अर्धाच दिसतो, पण टिकतो. ऑफिससाठी हीच रचना भराव न घालता आणि बटांची पट्टी न लावता करते: स्वच्छ भांग, दोन्ही कानांवरून सैल पीळ, खाली बाजूला गाठ. बघणाऱ्याला अजिंठा आठवणार नाही, चालेल.

फुलांबद्दल. कालिदासाच्या मेघदूतात अलका या यक्षांच्या नगरीतल्या स्त्रियांचं वर्णन येतं: बटांत कुंद, कानावर शिरीष, भांगात कदंब. वाचून एका मैत्रिणीने तेच सगळं एकदम हवं म्हणून हट्ट धरला. पण कुंद थंडीत, शिरीष उन्हाळ्यात आणि कदंब पावसात फुलतो. सगळे ऋतू एकाच वेळी हजर असतात ही अलकानगरीची चैन. आपल्याला ज्या महिन्यात जे मिळेल ते. थंडीत कुंदाची सुटी फुलं बटांच्या मुळाशी खोवून बघितली, फार सुरेख दिसली, पण चार तासांत माना टाकतात. शिरीषाचे तंतू तर हात लावला की कोमेजतात, फोटोपुरतेच. कदंबाचा चेंडू भांगात घालायचा म्हणजे लहानात लहान शोधावा लागतो, नाहीतर कपाळावर लिंबू ठेवल्यासारखं होतं. गजरा अंबाड्याला पूर्ण गुंडाळण्याऐवजी फक्त खालच्या कडेला अर्धचंद्रासारखा लावून बघा. वरचे पेड मोकळे राहतात, भार खाली उतरल्यासारखा दिसतो.

आखूड केसांच्या दोघींनी विचारलं होतं. बॉब असेल तर अंबाड्याचा नाद सोडा, गंगावन जोडून केलेला अंबाडा आखूड केसांवर मानेपाशी उघडा पडतो. नुसत्या बटा, मधला भांग आणि कानामागे घट्ट नेलेल्या बाजू, एवढ्यावरही तो चपटा माथा आणि ती वळणदार कड जुळून येते.

पुढच्या वेळी पुरुषांकडे वळायचा विचार आहे. १ क्रमांकाच्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या मुकुटाखालून खांद्यावर उतरलेले केस सगळ्यांनी पाहिलेत. मावसभावाने वर्षभर केस वाढवलेत आणि मुकुटाशिवाय काहीही करून घ्यायला तो तयार आहे. ज्यांच्याकडे २ क्रमांकाच्या लेण्यातल्या झोक्यावरच्या नागकन्या इरंदतीचे जवळून, फ्लॅशविना घेतलेले फोटो असतील त्यांनी जरूर दाखवा. झोक्यावर केसांचं काय होतं, ते त्या चित्रकाराने कसं हाताळलंय ते नीट बघायचंय.