गव्हावर गहू

आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत डबा ठेवताना जवळजवळ प्रत्येक जण एक गोष्ट आवर्जून बजावतो: गव्हावर गहू दळा. आधी कोणाची बाजरी दळली गेली असेल, तर तिचे थोडे पीठ पाळ्यांच्या सांदीत राहून गेलेले असते आणि पुढच्या गव्हाच्या पहिल्या पिठाबरोबर तेच खाली उतरते. गेल्या महिन्यात घाईघाईत मी ही सूचना द्यायला विसरलो आणि काळपट पोळ्यांबद्दल घरी आठवडाभर ऐकून घेतले.

हे आठवण्याचे कारण वेगळे आहे. पहाटे साडेपाचला प्रार्थनेसाठी उठायचे, हा माझा अनेक वर्षांचा शिरस्ता. पण उठल्या उठल्या गजर बंद करण्यासाठी मोबाइल हातात येतो, आणि गजर बंद झाल्यावरही तो हातातून सुटत नाही. दहा-पंधरा मिनिटांनी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडतो, तेव्हा डोळे स्तोत्राच्या ओळींवरून फिरत असतात आणि मनात मात्र कोणाच्या तरी नव्या फ्लॅटचा फोटो, सोन्याचा भाव आणि अनोळखी माणसांचे भांडण चाललेले असते. दाणे गव्हाचे टाकलेले असतात, पीठ बाजरीचे पडत असते.

गिरणीची ही उपमा मला सुचली म्हणून मी जरा खूश होतो. नंतर कळले की ती सोळाशे वर्षे जुनी आहे. योहान कॅसियन हा संन्यासी चौथ्या शतकाच्या अखेरीस इजिप्तच्या स्केतिस नावाच्या वाळवंटी भागात तिथल्या वडीलधाऱ्यांजवळ राहिला, आणि पुढे मार्सेय येथे मठ स्थापन केल्यावर त्याने त्यांचे संवाद लॅटिनमध्ये लिहून काढले. त्यांपैकी पहिल्याच संवादात अब्बा (म्हणजे वडीलधारे संन्यासी) मोशे सांगतात की मन हे पाणचक्कीसारखे आहे. पाण्याचा लोंढा वाहतो आहे तोवर चक्की थांबवणे कोणाच्या हातात नाही, पण तिच्यात गहू टाकावा, जव टाकावा की निदण, म्हणजे गव्हातले तण, टाकावे, हे मात्र चक्कीवाल्याच्या हातात आहे. निदण म्हणताच आपल्याला मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातला, रात्री येऊन गव्हात निदण पेरून जाणारा वैरी आठवतो. फरक इतकाच, की अब्बा मोशे यांच्या चक्कीत निदण टाकणारा हात माझाच असतो.

याच काळात इजिप्तच्या वाळवंटातच एवाग्रियस नावाचा संन्यासी राहत होता. कॉन्स्टँटिनोपलमधली मानाची जागा सोडून आलेला हा विद्वान इ. स. ३९९ मध्ये वारला. त्याने मनाला छळणाऱ्या विचारांचे आठ प्रकार सांगितले: खादाडपणा, व्यभिचार, धनलोभ, खिन्नता, राग, आध्यात्मिक कंटाळा, पोकळ प्रतिष्ठेची हाव आणि गर्व. यांतल्या कंटाळ्याचे वर्णन वाचताना मला हसू आले, कारण दुपारी सूर्य हलतच नाही असे वाटून पुन्हा पुन्हा खिडकीकडे पाहणारा, जेवणाची वेळ किती दूर आहे हे बघायला खोलीबाहेर पडणारा तो संन्यासी आणि प्रार्थनेच्या मध्यात घड्याळाकडे पाहणारा मी, यांच्यात अंतर फारसे नाही. पण त्याचे एक मत मला विशेष मोलाचे वाटते. हे विचार मनात यावेत की नाही, हे आपल्या अधीन नाही, असे तो स्पष्ट म्हणतो. ते रेंगाळावेत की नाही, एवढेच आपल्या अधीन आहे. नुसता विचार आला म्हणून स्वतःला पापी ठरवून दिवसभर झुरणाऱ्या भाविकांनी हे वाचायला हवे.

जगाची भुरळ म्हटली की आपल्याला सिनेमा आणि चैन आठवते. माझा अनुभव असा, की ती बहुधा मंडळीचेच, म्हणजे चर्चचेच, कपडे घालून येते. आमच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर रोज सकाळी मी एक वचन टाकतो. वचन टाकण्यात गैर काय? पण नंतर उपासनेला जाईपर्यंत मी चार वेळा गट उघडून कोणी अंगठा दिला आणि कोणी नाही हे मोजत असतो, आणि ज्या बंधूंनी दिला नाही त्यांच्याशी हस्तांदोलन करताना हात किंचित सैल पडतो. एवाग्रियसच्या यादीतला सातवा विचार तो हाच. इतर विचार वाईट कामांतून शिरतात. हा मात्र चांगल्या कामावरच पोसला जातो, आणि त्यामुळे तो हाकलताना आपण काही चांगलेच हाकलत आहोत असे वाटते.

मोबाइल काही दिवस कपाटात ठेवूनही पाहिला. मन रिकामे झाले आणि त्या रिकाम्या जागेत जुने अपमान येऊन बसले. झाडून-लोटून सुशोभित केलेल्या रिकाम्या घरात सात आत्मे अधिक घेऊन परतणाऱ्या अशुद्ध आत्म्याचा येशूने दिलेला दृष्टान्त मला तेव्हा प्रथम नीट कळला. आपल्याकडे ‘हे पाहू नका, ते ऐकू नका’ असे उपदेश पुष्कळ होतात. चक्कीत काय टाकावे, याबद्दल क्वचितच कोणी बोलते. कॅसियनच्या दहाव्या संवादात अब्बा आयझॅक ते सांगतात: सत्तराव्या स्तोत्राची पहिली ओळ, म्हणजे देवाला मदतीस त्वरेने येण्याची विनवणी, चालता-बसता, जेवताना, झोपताना मनात घोळवत राहावी. मी ती स्कूटरवर सिग्नलला थांबलो की म्हणतो. कधी तिच्यावर मन राहते, कधी समोरच्या रिक्षामागच्या जाहिरातीवर जाते.

परवा गिरणीवाल्या काकांना विचारले, आधी बाजरी झाली असेल तर तुम्ही काय करता? त्यांनी माझ्याच डब्यातले मूठभर गहू घेऊन टाकले, खाली पडलेले करडे पीठ एका पत्र्याच्या डब्यात वेगळे काढले आणि मग उरलेला डबा ओतला. तेव्हापासून सकाळी एक स्तोत्र मी मोठ्याने, सावकाश वाचतो. त्या पाच मिनिटांत कालचे जे काही खाली पडायचे ते पडू देतो, आणि प्रार्थना त्यानंतर सुरू करतो.