आज घरात नुसती करकर
डूम या कॉम्प्युटर गेमच्या मॉडसाठी (म्हणजे हौसेने बदललेल्या आवृत्तीसाठी) सगळे आवाज घरीच करायचं खूळ डोक्यात शिरलंय. बर्फावरची पावलं म्हणजे कापडी पिशवीत कॉर्नफ्लोअर भरायचं आणि माइकजवळ मुठीने दाबायचं. फोली कलाकारांची, म्हणजे सिनेमासाठी असे आवाज हाताने करणाऱ्यांची, जुनी युक्ती, पण काय करकरतं! राक्षसाची गुरगुर मात्र माझीच. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पिच (आवाजाची पट्टी) खाली ओढला की झालं. (घरचे म्हणतात, मूळ आवाजही काही कमी भयानक नव्हता.)

1993 च्या मूळ गेममधले बहुतेक आवाज 8 बिट, 11,025 हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला 11,025 नमुने घेतलेले, जरा खरखरीत. त्यांच्याशेजारी माझं स्वच्छ रेकॉर्डिंग उपरं वाटायचं. तेही 11,025 वर उतरवलं, वरची चकाकी गेली आणि पावलं एकदम त्या जगातली झाली.

उद्या दाराची बिजागरी. तोवर तिला कोणी तेल घालू नका रे!