रिमार्क्सचा रकाना

काल रात्री दिवसाचं शेवटचं उड्डाण संपवून खोलीवर आले, युनिफॉर्म बदलायच्या आधी लॉगबुक, म्हणजे माझ्या उड्डाणांची नोंदवही, उघडलं आणि तासांची बेरीज केली. १५०० तास २० मिनिटं. पुन्हा केली, कारण मागे एकदा एका पानाची पुढे ओढलेली बेरीज चुकली होती. तेवढीच आली. मग बराच वेळ नुसती बसून राहिले.

ज्यांना हा आकडा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आयसीएओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी उड्डाण संघटनेच्या नियमांप्रमाणे एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्सला किमान १५०० तास लागतात. नुसते तास पुरत नाहीत. त्यातले १०० रात्रीचे हवेत, ७५ केवळ उपकरणांकडे बघून केलेले हवेत, काही कमांडचे, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर असलेले हवेत, शिवाय परीक्षा. डावीकडची खुर्ची, म्हणजे कॅप्टनची, अजून लांब आहे. तरी गेली सहा वर्षं मी याच आकड्याकडे बघत आले, आणि काल तो माझ्या हस्ताक्षरात पानाच्या तळाशी उमटला.

ओळखीपाळखीतली मुलं-मुली विचारतात, पायलट व्हायला काय लागतं? गणित किती? चष्मा चालतो का? त्यांना मी सगळ्यात आधी एकच सांगते: बाकी काहीही करायच्या अगोदर क्लास वन मेडिकल, म्हणजे व्यावसायिक पायलटची वैद्यकीय तपासणी, करून घ्या. फी भरायच्या आधी, घरी कर्जाची बोलणी सुरू करायच्याही आधी. चष्मा चालतो, नजर चष्म्यासकट ठरलेल्या मापात हवी आणि उडताना जास्तीची एक जोडी जवळ हवी, इतकंच. पण रंग ओळखण्यात दोष असेल तर वाट अडते. आमच्या बॅचमधल्या एका मुलाला हे ४० तास उडून झाल्यावर कळलं. ठिपक्यांच्या वर्तुळातला आकडा त्याला दिसलाच नाही. तो त्या दिवशी हँगरच्या पायरीवर बसला होता ते अजून डोळ्यांसमोर आहे. ही तपासणी एकदा करून संपत नाही, ती दरवर्षी असते, आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा येतो.

दुसरं, सगळी फी एकरकमी भरू नका. मी भरली. ज्या संस्थेत शिकले तिथे विमानं पाच होती आणि उडण्याजोगं बहुतेक वेळा एकच असायचं. कमर्शियल लायसन्सच्या दोनशे तासांना वर्षभर पुरेल असं सांगितलं होतं, दोन वर्षं चार महिने लागले. तास भरतील तसे पैसे देण्याची सोय मिळते का हे विचारायचं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आता खरं सांगायचं ते. लॉगबुकात तारीख, विमान, कुठून कुठे, दिवस, रात्र, लँडिंग असे रकाने असतात आणि शेवटी एक अरुंद रकाना असतो, रिमार्क्सचा. बहुतेक जण तो रिकामा ठेवतात. माझा भरलेला असतो, आणि त्याला कारण आहे.

पहिल्यांदा तो माझ्या इन्स्ट्रक्टरने भरायला लावला. सेसना १७२ या शिकण्याच्या छोट्या विमानावर उडण्याआधी पंखांखालून थोडं इंधन एका पारदर्शक नळीत काढून बघतात. पाणी इंधनापेक्षा जड, त्यामुळे असलंच तर तळाशी बुडबुड्यासारखं वेगळं दिसतं. आठव्या की नवव्या सकाळी सरांनी नळी माझ्या हातात दिली. मी उजेडाकडे धरली. स्वच्छ, बुडबुडा नाही. "ठीक आहे," म्हटलं. सर म्हणाले, "रंग सांग." तेव्हा नीट बघितलं. त्या इंधनाला फिकट निळी झाक असते. या नळीत काहीच झाक नव्हती. सरांनी ती मुद्दाम नुसत्या पाण्याने भरून आणली होती. सगळंच पाणी असेल तर बुडबुडा कशात दिसणार? पण खरी गोष्ट वेगळी होती आणि ती मी त्यांना संध्याकाळी सांगितली: नळी हातात घेतल्या घेतल्या मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं होतं. वास आला नव्हता. मी बोलले नाही, कारण सरांनी दिलेली नळी चुकीची कशी असेल? सर म्हणाले, "हे लिहून ठेव." मी लिहिलं: वास नाही, बोलले नाही.

मोठी चूक सोलो क्रॉस-कंट्रीला झाली. एकटीने लांबचं उड्डाण, हातात नकाशा, पट्टी आणि घड्याळ. वारा डावीकडून ७ नॉट (म्हणजे ताशी नॉटिकल मैल), विमानाचा वेग १००. म्हणजे नाक ४ अंश डावीकडे वळवून उडायचं, की वारा ढकलेल तेवढं भरून निघतं. मी आदल्या रात्री ते ४ अंश उजवीकडे लावले. दुरुस्तीच उलटी, म्हणून चूक दुप्पट, ८ अंशांची. आमच्यात साधा हिशेब आहे: ६० नॉटिकल मैलांवर एक अंश चुकला की वाट एक मैल सुटते. १८ मिनिटांनी, ३० मैलांवर, मी वाटेपासून ४ मैल बाजूला होते. डाव्या पंखाखाली रेल्वेचा पूल दिसायला हवा होता. शेतं दिसत होती.

त्या क्षणी मला कळलं होतं. पण मी काय केलं? खाली दिसणाऱ्या गोष्टी नकाशात बसवत राहिले. एक तळं दिसलं, ते नकाशातल्या तळ्याशी जुळवलं. आकार जुळत नव्हता तर पाणी आटलं असेल असं स्वतःला समजावलं. रस्ता दिसला, त्याला नवा ठरवला. रेडिओचं बटण अंगठ्याखाली होतं. शेवटी २९व्या मिनिटाला ते दाबलं आणि म्हटलं की मला माझी जागा नक्की सांगता येत नाही. कंट्रोलरने ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख देणाऱ्या उपकरणावर, एक कोड लावायला सांगितला, रडारवर मला ओळखलं आणि दिशा दिली. आवाजात ना राग ना आश्चर्य. अर्ध्या मिनिटात सगळं मार्गी लागलं.

त्या दिवसाच्या रिमार्क्समध्ये लिहिलंय: १८व्या मिनिटाला शंका, २९व्या मिनिटाला रेडिओ. अंतर ११.

वाऱ्याचं गणित मी पुन्हा कधी चुकले नाही. पण ते ११ मिनिटांचं अंतर पाठ सोडत नाही. तेव्हापासून शंका आली कधी आणि तोंड उघडलं कधी, हे मी लिहून ठेवते.

पुढे अभ्यासात जुने अपघात वाचले तेव्हा तेच अंतर तिथेही दिसलं. २७ मार्च १९७७, टेनेरिफ. धुक्यात एकाच धावपट्टीवर दोन बोइंग ७४७ विमानं, ५८३ माणसं गेली. धडक व्हायच्या काही सेकंद आधी, धावत सुटलेल्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं की ते दुसरं विमान अजून धावपट्टीवर तर नाही ना. कॅप्टन कंपनीतला नावाजलेला प्रशिक्षक. त्याने ठामपणे सांगितलं, बाहेर गेलंय. इंजिनिअरने पुन्हा विचारलं नाही. मी त्या इंजिनिअरचा फार विचार करते. त्याला शंका आली होती, त्याने ती बोलूनही दाखवली होती. ते ठाम उत्तर ऐकल्यावर पुन्हा बोलायचं राहिलं. त्या अपघातानंतर रेडिओवर 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा असं ठरलं, एरवी 'डिपार्चर' म्हणायचं. आणि कॉकपिटमधल्या माणसांनी एकमेकांशी बोलायचं कसं, हा शिकवायचा विषय झाला. आम्ही त्याला सीआरएम, म्हणजे क्रू रिसोर्स मॅनेजमेंट, म्हणतो. माझ्या मते लायसन्सच्या सगळ्या विषयांत हा सगळ्यात अवघड आहे, कारण हवामानाचं पुस्तक पाठ करता येतं, हा येत नाही.

कमर्शियल लायसन्स हातात आल्यावर १४ महिने नोकरी नव्हती. त्याबद्दल फार लिहीत नाही. अर्ज केले, सुट्ट्यांत लहान मुलांना गणित शिकवलं, महिन्यातून एकदा कसेबसे पैसे जमवून तासभर उडले की हात विसरू नयेत. घरच्यांनी एकदाही "आता पुढे काय?" असं विचारलं नाही, त्याचं मोल मला माहीत आहे. मग निवड झाली, टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक जातीचं विमान उडवायचं प्रशिक्षण, झालं. जेट विमान मी पहिल्यांदा सिम्युलेटरमध्येच उडवलं; रोज एक इंजिन बंद पडायचं, रोज काहीतरी पेटायचं. आजही दर सहा महिन्यांनी तीच परीक्षा असते.

मी फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, होऊन जेमतेम ३०० तास झाले होते तेव्हाची गोष्ट. संध्याकाळ, शेजारी १४,००० तास उडालेले कॅप्टन, विमान त्यांच्या हातात. कंट्रोलने आम्हाला शेवटपर्यंत उंच ठेवलं होतं आणि वारा मागून होता. आमचा नियम असा: १००० फुटांवर सगळं जागच्या जागी हवं. चाकं खाली, फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या) ठरल्या जागी, वेग मापात, उतरण्याचा दर मापात, इंजिनांना थोडी तरी ताकद दिलेली. यातलं एक जरी नसेल तर उतरायचं नाही, पुन्हा वर जायचं. त्याला गो-अराउंड म्हणतात. १००० फूट झाले तेव्हा वेग १८ नॉट जास्त होता आणि इंजिनं आयडलवर, म्हणजे अगदी कमी ताकदीवर. समोर धावपट्टी लख्ख दिसत होती, दिवे लागलेले. कॅप्टनचा हात इंजिनांची ताकद कमी-जास्त करणाऱ्या थ्रस्ट लिव्हरवर स्थिर. आता वेग उतरेल, अजून हजार फूट आहेत, माणूस एवढा अनुभवी आहे, हे सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलं. त्यातच ती शेतं आणि ते तळंही आलं.

"अनस्टेबल. गो-अराउंड."

आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. कॅप्टनने लिव्हर पुढे ढकलले, नाक वर उचललं, फ्लॅप्स मागितले. मी फ्लॅप्स दिले, चढण बघून सांगितली, चाकं वर घेतली. पाठ खुर्चीला टेकली. पंधरा मिनिटांनी पुन्हा आलो आणि शांतपणे उतरलो. इंजिनं बंद केल्यावर कॅप्टनने कागदावर सही केली, पेन खिशात ठेवलं आणि म्हणाले, "माझी खात्री होती की वेग उतरेल. थँक यू." एवढंच. मला वाटतं त्या दोन वाक्यांतलं पहिलं जास्त कठीण होतं.

रिमार्क्समध्ये त्या दिवशी आहे: १००० फूट, +१८. अंतर २ सेकंद.

नेहमी मीच बरोबर असते असं अजिबात नाही. मागच्या महिन्यात एका उंचीबद्दल मला ११० (म्हणजे ११,००० फूट) ऐकू आलं, कॅप्टनने १२० लावलं. मी कंट्रोलला पुन्हा विचारलं. १२०च होतं. कॅप्टनने मान डोलावली आणि आम्ही पुढे गेलो. पाच सेकंद गेले असतील. लिहून ठेवलं: मी चुकीची, विचारलं ते बरोबर.

काल पूर्ण झालेल्या १५०० तासांत अशी ६३ अंतरं लिहिलेली आहेत. रात्री सगळी वाचून काढली. सुरुवातीला मिनिटं आहेत, पुढे पुढे सेकंद. मधेच गेल्या वर्षी एक ४ मिनिटांचं आहे. तेव्हा कॅप्टन त्या दिवशी थोडे चिडलेले होते आणि मी वाट बघत बसले. काही बिघडलं नाही, पण ते वाचून मला झोप लागेना.

कारण ती चार मिनिटं निम्मी माझी होती आणि निम्मी त्यांची. उद्या मी डावीकडे बसेन तेव्हा उजवीकडे कोणीतरी नवीन असेल, ३०० तासांचं, आणि त्याचा किंवा तिचा अंगठा बटणावर थांबलेला असेल. उड्डाणाआधीच्या ब्रीफिंगमध्ये कॅप्टन बोलायला सुरुवात करतो. मी काय म्हणायचं? "काही वाटलं तर सांग" असं सगळेच म्हणतात, ते कानावरून जातं. लॉगबुकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर रात्री तीन वाक्यं लिहून बघितली. दोन खोडली. तिसरं असं आहे: "आज मी कुठेतरी चुकणार आहे, कुठे ते तू मला सांगायचंस." सकाळी पुन्हा वाचलं. 'कुठेतरी' काढावं का, अजून ठरत नाहीये.