आमची वाटचाल: पैसे पडतात, पण मोजून पडत नाहीत

आमचं काम कळलं की ओळखीची मराठी मंडळी आधी हसतात, मग आवाज जरा खाली आणून विचारतात, "म्हणजे जुगाराची मशीन्स?" हो, जुगाराचीच. फक्त कसिनोतून निवृत्त होऊन आता कुणाच्या तरी दिवाणखान्यात येऊन बसलेली. मायक्रोप्रोसेसर यायच्या आधीची, साठ-सत्तरच्या दशकातली इलेक्ट्रोमेकॅनिकल स्लॉट मशीन्स आम्ही कॅलिफोर्नियात दुरुस्त करतो. आईने यावर तोडगा काढलाय. सोसायटीत कुणी विचारलं तर ती सांगते, "मुलगा अमेरिकेत जुनी यंत्रं दुरुस्त करतो," आणि लगेच समोरच्याच्या मुलाची चौकशी सुरू करते.

मी मूळचा टेलिफोनवाला. मुंबईत स्ट्राउजर एक्सचेंजवर, म्हणजे जुन्या यांत्रिक टेलिफोन एक्सचेंजवर काम शिकलो. ग्राहकाने डायल फिरवली की सिलेक्टर टकटक करत वर चढायचा, मग आडवा फिरायचा आणि त्याचा वायपर (सरकती पाती) नेमक्या कॉन्टॅक्टवर जाऊन थांबायचा. रिलेच्या (विजेने उघडमिट होणाऱ्या स्विचच्या) पात्यांमधलं अंतर गेजने मोजायचं, ताण बघायचा, कॉन्टॅक्ट साफ करायचे, हेच दिवसभर. पुढे इलेक्ट्रॉनिक एक्सचेंज आली आणि ते कसब एका झटक्यात भंगारात गेलं. अमेरिकेत येऊन सर्किट बोर्ड तपासायची नोकरी केली, मंदीत तीही गेली.

त्याच सुमारास शेजारच्या आजोबांनी हाक मारली. त्यांच्या गॅरेजमध्ये बॅली कंपनीचं मशीन होतं. दोन चेरी लागल्या की पाच नाणी पडायला हवीत, पण हॉपर, म्हणजे आतली नाण्यांची टाकी, रिकामा होईपर्यंत पडतच राहायची. नातवंडं खूश, आजोबा हैराण. मी मागची बाजू उघडली आणि पाहतो तर रिले, वायपर, स्टेपर, सगळी जुनी ओळखीची मंडळी! धंदा तिथेच सुरू झाला असं म्हणायला हरकत नाही, कारण त्या आजोबांनी आपल्या साऱ्या मित्रमंडळीला माझा नंबर देऊन टाकला.

आम्ही राहतो त्या परिसराला या यंत्रांचा इतिहास आहे. चार्ल्स फे या कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तीन रिळांचं (चित्रं छापलेल्या फिरत्या चाकांचं) 'लिबर्टी बेल' बनवलं ते सॅन फ्रान्सिस्कोत. मार्केट स्ट्रीटवर त्याच्या कारखान्याची आठवण म्हणून पाटी आहे. तीन घंटा लागल्या की त्यातून दहा निकेल, म्हणजे पन्नास सेंट मिळत. पुढची साठेक वर्षं बहुतेक मशीन्स अशीच स्प्रिंगा, पट्ट्या आणि नाण्यांची नळी यांवर चालली. नळीत मावतील तेवढीच नाणी द्यायची, त्यावरचं बक्षीस माणसाने येऊन हातात द्यायचं. १९६३-६४च्या सुमारास शिकागोच्या बॅलीने 'मनी हनी' आणलं. त्यात मोटरवर चालणारा हॉपर होता, आणि माणसाच्या मदतीशिवाय ५०० नाण्यांपर्यंत बक्षीस देण्याची सोय होती. आमचं पोट या हॉपरवर चालतं. आणि गंमत म्हणजे दोष बहुतेक वेळा हॉपरमध्ये नसतोच.

हॉपर म्हणजे नाण्यांचा रहाट. तिरकी चकती फिरते, ढिगातून एकेक नाणं उचलून वर नेते आणि तोंडाशी सोडते. त्याला फक्त फिरता येतं. किती द्यायचं ते रिळं ठरवतात: रिळं थांबली की त्यांच्यावरचे वायपर चकतीवरच्या कॉन्टॅक्टला टेकतात आणि संत्री लागली की आवळे (प्लमला आमच्या घरी आवळाच म्हणतात) हे वायरिंगला कळतं. आणि किती दिलं हे मोजतो हॉपरच्या तोंडाशी बसवलेला एक छोटा स्विच. बाहेर पडणारं प्रत्येक नाणं त्याची दांडी ढकलतं, त्या झटक्याने पे-आउट युनिट, म्हणजे एकेक घर मोजत जाणारा स्टेपर, एक पाऊल पुढे सरकतं. संत्र्यांचे १० असतील तर दहाव्या घरावर पोचताच मोटरचा पुरवठा तुटतो. नाणी देणं सोपं आहे. मोजणं आणि वेळेवर थांबणं, सगळी रड तिथे आहे.

म्हणून फोनवर "मशीन बिघडलंय" असं कुणी म्हटलं की आमचा पहिला प्रश्न असतो, "काय लागलं आणि किती पडले?" लोकांना याचा कंटाळा येतो, पण अर्धं निदान तिथेच होतं. काहीही लागलं तरी नाणी पडतच राहतात? मग मोजणारा स्विच किंवा स्टेपर. दरवेळी नेमकं एक नाणं जास्त? मोजणी ठीक आहे, मोटर वेळेत थांबत नाही. चौदाच्या जागी सात-आठ? स्विचच्या पात्यांतलं अंतर कमी झालंय, एकच नाणं दोनदा मोजलं जातंय. घंटांचे १८ बरोबर पडतात, आवळ्यांचे १४ बरोबर पडतात आणि फक्त संत्री चुकतात? मग हॉपरला हातही लावायचा नाही, संत्र्यांची वाट तेवढी तपासायची.

सगळ्यात छळवादी दोष म्हणजे 'कधी कधी देतं, कधी कधी नाही'. एका रिळावर आवळा चार-पाच ठिकाणी छापलेला असतो आणि प्रत्येक जागेला स्वतःचा कॉन्टॅक्ट असतो. त्यातल्या एकावरच घाण बसली तर तो आवळा थांबतो तेव्हाच पैसे अडतात, बाकीच्या वेळी मशीन शहाण्यासारखं वागतं. असं एक मशीन एका गृहस्थांनी तीन दुकानांतून फिरवून आणलं होतं. प्रत्येक ठिकाणी आवळे लावून पाहिले, पैसे पडले, 'ठीक आहे' म्हणून परत. आम्ही रीळ हाताने एकेक घर फिरवत मीटर लावला, आणि एका घरावर काटा हललाच नाही. भिंगाखाली पाहिलं तर कॉन्टॅक्टवर काळी पडलेली ग्रीस आणि पितळेचा चुरा यांचा थर. अल्कोहोलमध्ये बुडवलेली कागदाची पट्टी दोनदा ओढली, काम झालं. बिल मात्र शोधण्याच्या वेळेचं लागतं, आणि ते समजावून सांगण्याचं काम आमची ही करते. माझ्याच्याने ते होत नाही, मी लगेच सवलत देऊन मोकळा होतो. हिशेब तिच्याकडे गेल्यापासून धंदा म्हणण्यासारखा धंदा झाला.

काउंट स्विचची चाचणी आजही मी स्वतःच करतो. हॉपर रिकामा करून, रिळांवर संत्र्यांचं बक्षीस लावून बोटाने दांडी दाबायची. दर दाबाला पे-आउट युनिटमधून एक टक् यायला हवा. दाबलं आणि टक् नाही, तर स्विच किंवा त्याची वायर. टक् आला पण वायपर पुढे सरकला नाही, तर तेल वाळून चिकटलेलं. दोन टक् आले तर पाती जवळ आलीत. दहाव्या टक्‌ला रिले सुटल्याचा वेगळा, जरा जाड आवाज येतो. मुलाला या आवाजांची रेकॉर्डिंग करून संगणकावर निदान करायचं आहे. करू देत. तोवर कान आहेत.

वाळलेल्या तेलावरून आठवलं. आमच्याकडे येणारी निम्मी मशीन्स काळाने बिघडलेली नसतात, प्रेमाने बिघडलेली असतात. हार्डवेअरच्या दुकानातला स्प्रे आणायचा आणि आत सगळीकडे फवारायचा. पहिला महिना मशीन झकास चालतं, मग तो स्प्रे धूळ धरतो, गोंदासारखा होतो आणि स्टेपर अर्ध्या वाटेत बसतो. दुसरा छंद पॉलिश पेपरचा. कॉन्टॅक्टवर चांदीचा थर असतो, तो घासून काढला की दोष कायमचा पाहुणा होऊन राहतो. बारीक बर्निशिंग पट्टी (कॉन्टॅक्ट न खरवडता साफ करणारी) वापरा, नाहीतर हातच लावू नका.

कायद्याचं थोडक्यात. कॅलिफोर्नियात २५ वर्षांहून जुनं मशीन जुगारासाठी न चालवता बाळगता येतं. दुसऱ्या राज्यांत नियम निराळे आहेत, काही ठिकाणी मुळीच चालत नाही. शिवाय अशी यंत्रं राज्याबाहेर नेण्यावर १९५१ पासून केंद्राचा जॉन्सन अॅक्ट आहेच. म्हणून पत्ता विचारल्याशिवाय आम्ही मशीन घेत नाही. ज्याला ते बारमध्ये ठेवून पैसे कमवायचे आहेत त्याला दारातूनच नमस्कार. पुण्याहूनही कुणीतरी विचारतं की एखादं शोभेला पाठवाल का. महाराष्ट्रात १८८७चा जुगारप्रतिबंधक कायदा आहे. आधी तिथल्या वकिलाला विचारा, मग मला.

सुटे भाग ही आता खरी अडचण. जुन्या मशीनमधून काढलेले हॉपर आम्ही साठवून ठेवतो, पण निकेलचा (पाच सेंटच्या नाण्याचा) हॉपर क्वार्टरला (पंचवीस सेंटच्या नाण्याला) चालत नाही. निकेल २१.२१ मिलिमीटर, क्वार्टर २४.२६, आणि जाडीत उलटं, निकेलच जास्त जाड. चकती, तोंडाची पट्टी, स्विचच्या दांडीची जागा, सगळं बदलावं लागतं. वाकलेल्या दांड्या आम्ही आता स्वतःच बनवतो. नव्या मुलांपैकी एकजण त्यात माझ्यापेक्षा तरबेज झालाय आणि त्याला ते ठाऊकही आहे.

मशीन पाठवणार असाल तर एक विनंती. हॉपरमधली नाणी आधी काढून ठेवा. ५०० क्वार्टरचं वजन पावणेतीन किलोच्या वर जातं, प्रवासात ती आत उसळतात आणि मग काउंट स्विचची दांडी आम्हाला तुकड्यांत मिळते. शिवाय उघडल्यावर नाणी किती होती यावरून जो वाद होतो, त्यात आमची ही कधीच हरलेली नाही.