माल मोकळा झाला, जागा नाही

आमचे आप्पा चाकणच्या कांदा आंदोलनात होते. त्यांच्या सदऱ्यावरचा शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला आणि ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा यांच्या सोबतच मी वाढलो. संघटनेचे नेते शरद जोशी यांचा मुद्दा आमच्या घरी जेवताना निघायचा: अनुदान नको, आम्हाला आमचा माल हवा तिथे विकू द्या.

तरी वर्षानुवर्षं आमची भाजी बाजार समितीतच गेली. १९६३च्या बाजार समिती कायद्याखाली व्यापाऱ्याला नियमनातला, म्हणजे समितीच्या देखरेखीखाली येणारा, माल समितीच्या आवाराबाहेर घाऊकीत घ्यायची मोकळीक नव्हती. रात्री टेम्पो भरायचा, पहाटे गाळ्यावर उतरवायचा आणि दुपारी पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, घ्यायची. वर मालाची रक्कम. खाली आडत म्हणजे अडत्याची दलाली, हमाली, तोलाई, भाडं. एकदा कोथिंबिरीच्या ४०० जुड्यांचे सगळं वजा जाता ११० रुपये हातात आले. ती पट्टी मी अजून जपून ठेवली आहे.

जुलै २०१६मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला आवाराबाहेर नियमनमुक्त केला. आडतही शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची ठरली. बातमी आली तेव्हा आप्पांनी पेपर दोनदा वाचला. मी ठरवलं, आता शहरात जाऊन आपणच विकायचं.

पहिलं काम काट्याचं. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन विभागाकडून दरवर्षी पडताळणी करून शिक्का घ्यावा लागतो. एका फेरीत झालं. हा नियम मला मनापासून पटतो. समोरची बाई मला ओळखत नाही, तिला वजनाची खात्री हवीच.

अडलं ते जागेपाशी. पालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात सातबारा आणि नियमनमुक्तीचा कागद घेऊन गेलो. साहेब म्हणाले, “भाजी विकायला कुठे बंदी आहे? रस्त्यावर उभं राहायला आहे.” मग पथविक्रेता म्हणून नोंद करा, असं सुचवलं. २०१४चा पथविक्रेता कायदा मी घरी बसून वाचला. उपजीविकेचं दुसरं साधन नाही, असं त्यात लिहून द्यावं लागतं. माझ्या नावावर अडीच एकर. म्हणजे ज्या जमिनीतून भाजी येते, तीच जमीन आडवी येते! खोटी सही करायची नव्हती. पोटासाठी रोज फुटपाथवर बसणाऱ्याची जागा खायचीही नव्हती. मला आठवड्यातले चार तास हवे होते, आणि त्यासाठी कुठल्याच फॉर्मवर रकाना नव्हता. तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या वेळी कंटाळून एका चौकात टेम्पो लावला, तर अतिक्रमणाच्या गाडीने क्रेट आणि काटा उचलून नेला. दंड भरून सोडवला, तोवर मेथी सुकून गेली होती.

वाट निघाली ती एका सोसायटीतून. गावातला एकजण तिथे वॉचमन आहे, त्याने अध्यक्षबाईंची गाठ घालून दिली. कमिटीने ठराव केला: दर रविवारी सकाळी ७ ते ११, पार्किंगची एक बाजू, ५०० रुपये सोसायटीला, कचरा आम्ही उचलायचा. दोन मीटिंगांमध्ये सगळं मिटलं. पहिल्या रविवारी टोमॅटो २२ रुपये किलोने दिला. त्याच आठवड्यात माझ्या पट्टीवर ९ रुपये दर होता आणि समोरच्या दुकानात ३५. त्यांचे १३ वाचले, मला १३ जास्त मिळाले.

सगळा माल मात्र असा खपत नाही. तोडा मोठा असला की मी आजही समितीत जातो, कारण तिथे अख्खा टेम्पो तासाभरात लिलावात जातो. आमच्या अडत्याने आईच्या ऑपरेशनला रात्रीतून उचल दिली होती, ते मी विसरलेलो नाही. त्याचा गाळा बंद व्हावा असं मला मुळीच वाटत नाही. त्याच्याकडे जायचं की सोसायटीत, हे मात्र मी ठरवावं.

सोसायटीत जागा एकालाच आहे आणि गावात भाजी करणारे बरेच. म्हणून आम्ही ११ जणांनी पालिकेला अर्ज दिला आहे. पालिकेच्या शाळांची पटांगणं रविवारी रिकामी असतात. भाडं घ्या, सफाईची अनामत घ्या, आधी येईल त्याला तारीख द्या. काट्यावर शिक्का नसेल तर हाकलून द्या. अर्जावर आवक क्रमांक पडला आहे. आता बुधवारी भेंडी तोडून झाली की विचारायला जाणार आहे. या वेळी आप्पाही सोबत येतो म्हणतात.